खिडकीतली झाडे आणि शेहेचाळीस रुग्ण

वृक्षारोपण सप्ताहातील भाषणे, पर्यावरण दिनाची भित्तिपत्रके, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या यांत एक विधान हमखास भेटते. ‘खिडकीतून झाडे दिसली की रुग्ण लवकर बरा होतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.’ विधान सुखावणारे आहे. झाडे लावा हे सांगायला ते सोयीचेही आहे. त्यामुळे त्याची उलटतपासणी सहसा कोणी करत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी मात्र ती करायला हवी, असे आम्हांला वाटते. या विधानामागे बहुतेक वेळा एकच शोधनिबंध असतो. तो अवघ्या दोन पानांचा आहे आणि शाळेतल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यालाही समजेल इतका सरळ आहे. या लेखात आपण तो बारकाईने वाचू, त्यात काय आहे आणि काय नाही ते पाहू, आणि नंतर झालेल्या कामाच्या शेजारी ठेवून त्याचे वजन करू.

निबंध काय सांगतो?

रॉजर उलरिच यांचा हा निबंध ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात २७ एप्रिल १९८४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक मराठीत आणायचे तर ‘खिडकीतील दृश्याचा शस्त्रक्रियेनंतरच्या सुधारणेवर परिणाम होऊ शकतो’ असे होईल. यातील ‘होऊ शकतो’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काय झाले ते आपल्याला पाहायचे आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका उपनगरात २०० खाटांचे एक रुग्णालय होते. त्याच्या एका तीन मजली भागात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरील काही खोल्यांच्या खिडक्यांतून झाडांचा छोटा समूह दिसत असे, तर काहींच्या खिडक्यांतून तपकिरी विटांची भिंत. खोल्या बाकी सर्व बाबतींत सारख्या होत्या. जी खोली रिकामी होईल ती येणाऱ्या रुग्णाला मिळे. म्हणजे उलरिच यांना प्रयोग मांडावा लागलाच नाही. रुग्णालयाच्या बांधणीने तो आधीच मांडून ठेवला होता. त्यांनी १९७२ ते १९८१ या काळातील केसपेपर काढले आणि पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण निवडले. फक्त १ मे ते २० ऑक्टोबर या काळातील रुग्ण घेतले, कारण तिथे हिवाळ्यात झाडांची पाने गळून जातात. वीस वर्षांखालचे, एकोणसत्तर वर्षांवरचे, गंभीर गुंतागुंत झालेले आणि पूर्वी मानसिक विकार असलेले रुग्ण वगळले.

मग त्यांनी जोड्या लावल्या. झाडे दिसणारा एक रुग्ण आणि भिंत दिसणारा एक रुग्ण. दोघांचे लिंग तेच, वय जवळपास सारखे, धूम्रपानाची सवय, लठ्ठपणा, पूर्वीच्या आजारपणाचे स्वरूप, मजला आणि शस्त्रक्रियेचा काळ मिळताजुळता. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांना निळा आणि हिरवा असे दोन रंग होते, तर तोही जुळवला. अशा २३ जोड्या झाल्या, १५ स्त्रियांच्या आणि ८ पुरुषांच्या. एकूण रुग्ण ४६.

निष्कर्ष असे होते. शस्त्रक्रियेनंतर झाडांच्या बाजूचे रुग्ण सरासरी ७.९६ दिवस रुग्णालयात राहिले, भिंतीच्या बाजूचे ८.७० दिवस. परिचारिकांनी रुग्णाविषयी लिहिलेल्या नोंदींत ‘रडवेला आहे’, ‘फार धीर द्यावा लागतो’ अशा अर्थाचे प्रतिकूल शेरे भिंतीच्या बाजूला दर रुग्णामागे ३.९६ होते, तर झाडांच्या बाजूला १.१३. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत भिंतीच्या बाजूच्या रुग्णांना तीव्र वेदनाशामकाच्या सरासरी २.४८ मात्रा लागल्या, झाडांच्या बाजूच्यांना ०.९६.

निबंधाचे बळ

कोणत्याही लिखाणाची चिकित्सा करताना त्यात चांगले काय आहे ते आधी सांगणे न्याय्य ठरते. या निबंधात चांगले बरेच आहे. ‘तुम्हाला झाडे पाहून बरे वाटले का?’ असा प्रश्न उलरिच यांनी कोणालाही विचारला नाही. तसा प्रश्न विचारला की उत्तर काय अपेक्षित आहे हे माणसाला कळते आणि तो तसेच उत्तर देतो. त्यांनी मोजलेल्या गोष्टी, म्हणजे दिवस आणि औषधाच्या मात्रा, वेगळ्याच कारणासाठी आधी नोंदलेल्या होत्या. केसपेपरमधून माहिती काढणाऱ्या परिचारिकेला कोणत्या रुग्णाच्या खिडकीतून काय दिसत होते ते कळू दिलेले नव्हते. जोड्या लावताना भिंतीच्या रंगापर्यंत विचार केला होता. चांगल्या निरीक्षणाचा नमुना म्हणून हा निबंध वर्गात वाचून दाखवण्यासारखा आहे.

निबंधाच्या मर्यादा

आता आकडे पुन्हा पाहू. मुक्कामातील फरक ०.७४ दिवसाचा, म्हणजे सुमारे अठरा तासांचा आहे. २३ जोड्यांपैकी १७ जोड्यांतच फरक पडला. उरलेल्या ६ जोड्यांत दोघांचा मुक्काम सारखाच होता. केवळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता निबंधात चाळिसात एक अशी दिली आहे. पण ही शक्यता झाडांच्या बाजूने पडणारा फरक तेवढाच मोजून काढलेली आहे. भिंतीच्या बाजूनेही फरक पडू शकला असता असे धरले, तर ती विसात एक होते. संशोधनात साधारणपणे हाच उंबरठा मानतात. म्हणजे मुक्कामाचा निष्कर्ष उंबरठ्यावर उभा आहे. दोन-तीन जोड्या इकडच्या तिकडे झाल्या असत्या, तर तो पलीकडे जाऊ शकला असता.

वेदनाशामकांचा तक्ता जास्त बोलका आहे आणि तो सहसा अर्धाच सांगितला जातो. त्याच चार दिवसांत मध्यम वेदनाशामकांच्या मात्रा भिंतीच्या बाजूला ३.६५ आणि झाडांच्या बाजूला १.७४ होत्या. सौम्य वेदनाशामकांचे उलट झाले: भिंतीकडे २.५७, झाडांकडे ५.३९. तीनही प्रकारांची बेरीज करून पाहा. भिंतीकडे ८.७०, झाडांकडे ८.०९. म्हणजे झाडे पाहणाऱ्यांना औषध फारसे कमी लागले नाही. सौम्य औषधावर भागले. ही गोष्टही महत्त्वाची आहे, कारण तीव्र वेदनाशामके अफूवर्गीय असतात आणि ती जितकी कमी लागतील तितके बरे. पण ‘झाडांमुळे औषधे निम्म्यावर आली’ असे जे कुठे कुठे वाचायला मिळते, ते या तक्त्यातून निघत नाही. शिवाय शस्त्रक्रियेच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी, जेव्हा वेदना सर्वांत जास्त असतात, तेव्हा दोन गटांत फरक नव्हता. सहाव्या-सातव्या दिवशीही नव्हता.

परिचारिकांच्या नोंदींबद्दल एक साधी शंका येते. माहिती काढणारी परिचारिका अनभिज्ञ होती हे खरे. पण मूळ शेरे ज्यांनी लिहिले, त्या रोज त्याच खोल्यांत वावरत होत्या. खिडकीतली झाडे त्यांनाही दिसत होती आणि भिंतही. झाडे असलेल्या खोलीत त्यांचा स्वतःचाच मूड बरा राहत असेल, त्या तिथे दोन मिनिटे जास्त थांबत असतील, तर रुग्णाची सुधारणा झाडांमुळे झाली की त्या दोन मिनिटांमुळे? निबंधातून याचे उत्तर मिळू शकत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न तुलनेचा आहे. झाडांची तुलना विटांच्या भिंतीशी केली आहे. समजा भिंतीऐवजी गजबजलेला बाजार, खेळाचे मैदान किंवा नदीचा घाट दिसत असता तर? फरक झाडांनी पाडला की कोंडून घातल्यासारख्या भिंतीने? झाडांनी एका गटाला बरे केले असेल, तितकेच भिंतीने दुसऱ्या गटाला त्रास दिला असेल. ही मर्यादा उलरिच यांनी स्वतःच निबंधाच्या शेवटी लिहून ठेवली आहे. हा निष्कर्ष सर्व प्रकारच्या शहरी दृश्यांना लावता येणार नाही आणि सर्व प्रकारच्या रुग्णांनाही लावता येणार नाही, असे ते सांगतात. दीर्घकाळ पडून राहिलेल्या, कंटाळलेल्या रुग्णाला कदाचित रहदारीचा रस्ताच जास्त बरा वाटेल, हेही त्यांनी सुचवले आहे. निबंधाचा दाखला देणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचलेला दिसत नाही. शीर्षकातील ‘होऊ शकतो’चे आधी ‘होतो’ झाले आणि मग ‘सिद्ध झाले आहे’ झाले. पित्ताशयाचे रुग्ण जाऊन नुसते ‘रुग्ण’ उरले, विटांची भिंत तर कोणाच्या लक्षातच राहिली नाही.

आणखी एक गंमत. त्या काळी पित्ताशय काढताना पोटावर मोठा छेद घ्यावा लागे आणि आठवडाभर रुग्णालयात राहावे लागे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया होऊ लागली. आता बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. खिडकीतून झाडे पाहायला सवडच राहिलेली नाही. तेव्हा हा निबंध जसाच्या तसा पुन्हा पडताळून पाहणे आता शक्य नाही.

हवापालटाचा धडा

निसर्ग बरे करतो ही समजूत उलरिच यांच्या कितीतरी आधीची आहे. आपल्याकडे ‘हवापालट’ हा शब्दच त्यासाठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात आणि नंतर अमेरिकेत क्षयरोग्यांसाठी डोंगरांत, पाइनच्या वनांजवळ आरोग्यधामे निघाली. आपल्याकडेही पाचगणीला, मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांची आरोग्यधामे होती. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार आणि शांतता हेच उपचार होते. क्षयाच्या जंतूंवर औषध नव्हते, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता.

औषधे आल्यावर प्रश्न उभा राहिला: आता आरोग्यधामाची गरज आहे का? याचे उत्तर भारतातच मिळाले. मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रात (आजची चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था) १९५६ साली एक चाचणी सुरू झाली. शहरातील १९३ गरीब रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी केली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. तिथे हवेशीर जागा, विश्रांती, चांगले जेवण, शुश्रूषा सर्व काही होते. दुसरा गट आपापल्या दाटीवाटीच्या घरी राहिला. त्यांचे जेवण निकृष्ट होते आणि विश्रांती कमी. औषधे दोन्ही गटांना तीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाच्या शेवटी आरोग्यधामातील ९२ टक्के आणि घरच्या गटातील ८६ टक्के रुग्णांचा रोग शमला होता. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच म्हणावी लागतील. रुग्णाच्या घरातील इतरांना होणारा संसर्गही घरच्या उपचारांमुळे वाढलेला दिसला नाही. यानंतर जगभर क्षयाचा उपचार घरी राहून होऊ लागला आणि आरोग्यधामे हळूहळू ओस पडली.

या चाचणीचा अर्थ नेमका लावायला हवा. औषधे मिळत असतील तर आरोग्यधामाची भर पडून फारसा फरक पडत नाही, एवढेच तिने दाखवले. औषधांविना मोकळ्या हवेचा काही उपयोग होता की नव्हता, हे तिने तपासलेच नाही. आहार निरुपयोगी आहे असेही ती सांगत नाही. झारखंडात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना सहा महिने पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे हवा, विश्रांती, आहार, औषध यांचे एकच गाठोडे करून ‘निसर्गाने बरे केले’ असे म्हणण्यापेक्षा एकेक घटक सुटा करून तपासला, तेव्हा उपयोगी ज्ञान हाती आले. निसर्गाच्या आरोग्यदायी परिणामांवरील आजच्या लिखाणाकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे.

वनस्नान आणि १२० मिनिटे

गेल्या काही वर्षांत दोन कल्पना फार गाजल्या आहेत. एक जपानमधील ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान. हा शब्द तिथल्या वनखात्याने १९८२ साली रूढ केला. तेव्हा त्यामागे प्रयोग नव्हते, लोकांनी वनांत यावे ही इच्छा होती. प्रयोग नंतर झाले. चिंग ली यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात टोकियोतील १२ पुरुष तीन दिवस वनात फिरले. रक्तातील ‘नैसर्गिक मारक’ पेशींची क्रियाशीलता वाढलेली आढळली. या पेशी विषाणूबाधित पेशींचा आणि काही कर्कपेशींचा नाश करतात. पण कार्यालयातील माणसाला कामातून सुटी देऊन तीन दिवस चालायला लावले, तर फरक वनाने पडला की सुटीने? पुढच्याच वर्षी ली यांनी शहरात नेलेल्या गटाशी तुलना प्रसिद्ध केली. शहरात तशी वाढ दिसली नाही. हे योग्य पाऊल होते. तरीही माणसे मोजकीच आणि सारी पुरुष. रक्तातील एक मोजमाप वाढले म्हणजे माणूस कमी आजारी पडतो असे होत नाही. ते वेगळे दाखवावे लागते. ‘वनस्नानाने कर्करोग टळतो’ असे सांगणाऱ्यांनी मधल्या साऱ्या पायऱ्या गाळल्या आहेत.

दुसरी कल्पना ‘आठवड्याला १२० मिनिटे’. २०१९ साली इंग्लंडमधील १९,८०६ लोकांच्या पाहणीवरून असे दिसले, की आठवड्यात किमान दोन तास उद्याने, वने, समुद्रकिनारे अशा ठिकाणी घालवणारे लोक स्वतःची प्रकृती ‘चांगली’ असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. पाहणी मोठी आणि काळजीपूर्वक केलेली आहे. पण वेळही लोकांनीच सांगितला आणि प्रकृतीही त्यांनीच सांगितली, आणि दोन्ही एकाच वेळी. जो आजारी आहे तो बाहेर कमी पडतो. मग बाहेर पडल्याने प्रकृती सुधारली, की प्रकृती चांगली म्हणून बाहेर पडणे झाले? दीर्घ आजार असलेल्यांतही हाच कल दिसला, ही जमेची बाजू आहे. पण तेवढ्याने शंका मिटत नाही. संशोधकांनी ही मर्यादा स्पष्ट लिहिली आहे. तरी १२० हा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या मात्रेसारखा सांगितला जाऊ लागला आहे.

जिथे पुरावा भक्कम आहे

मग निसर्गाचा लाभ होतो हे सारे पोकळच का? तसे मुळीच नाही. दोन अभ्यास आम्हांला विशेष मोलाचे वाटतात, कारण त्यांत वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशीच झाली होती.

पहिला पेनसिल्व्हेनियातलाच, फिलाडेल्फिया शहरातला. तिथे पडक्या, कचऱ्याने भरलेल्या शेकडो मोकळ्या जागा आहेत. संशोधकांनी अशा ५४१ जागा ११० गटांत विभागल्या आणि गटांची यादृच्छिक वाटणी केली. काही जागांवरचा कचरा काढून गवत व थोडी झाडे लावली, लाकडी बुटके कुंपण घातले आणि निगा राखली. काही जागांवरचा केवळ कचरा काढला. काही तशाच ठेवल्या. आसपास राहणाऱ्या ३४२ लोकांच्या आधी आणि नंतर मुलाखती घेतल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत हिरव्या केलेल्या जागांभोवती ‘खिन्न वाटते’ असे सांगण्याचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले. नुसता कचरा काढल्याने तसा परिणाम दिसला नाही. इथे बरे वाटणारे लोक हिरव्या जागी राहायला गेले नव्हते. हिरवळ त्यांच्या दारी आली होती. म्हणून कारण आणि परिणाम यांचा गोंधळ होत नाही. हाही लोकांनी स्वतः सांगितलेल्या भावनांचाच अभ्यास आहे, रोगनिदानाचा नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दुसरा अभ्यास शिक्षकांनी आवर्जून वाचावा असा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांतील पहिलीच्या १,९०३ मुलांवर तो झाला. यादृच्छिकपणे निवडलेल्या सहा शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर, मोकळ्या जागी घेतला. तीन वर्षांत निकटदृष्टिता (लांबचे धूसर दिसणे) नव्याने झालेल्या मुलांचे प्रमाण या शाळांत ३०.४ टक्के होते, इतर शाळांत ३९.५ टक्के. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. यामागची यंत्रणाही बरीचशी समजली आहे. उघड्यावर सावलीतही हजारो लक्स प्रकाश असतो, भर उन्हात लाखापर्यंत. वर्गात तो काही शेकड्यांतच असतो. तीव्र प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामिन स्रवते आणि त्यामुळे नेत्रगोलाची अतिरिक्त लांबी वाढणे मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांवरून दिसते.

आता पाहा, इथे काम कोणी केले? झाडांनी नव्हे, उजेडाने. बाहेरचे मैदान उजाड असते तरी बहुधा हाच लाभ झाला असता. बार्सिलोनातील ३६ शाळांतल्या २,५९३ मुलांचा अभ्यासही २०१५ सालचा. शाळेत व परिसरात हिरवळ जास्त असेल तिथे मुलांच्या कार्यस्मृतीची वर्षभरातील वाढ जास्त दिसली. त्यातील बराचसा वाटा वाहनांच्या धुरातील कार्बन कमी असण्याचा होता. ‘निसर्ग’ या एका शब्दात उजेड, स्वच्छ हवा, शांतता, चालणे, सोबत, कामातून उसंत असे अनेक घटक दडलेले असतात. कोणता घटक कोणत्या त्रासावर काम करतो हे कळले, तर झाड लावायला जागा नसलेली शाळाही काहीतरी करू शकते. मुलांना मैदानात नेऊ शकते, धुराच्या रस्त्याकडची खिडकी बंद ठेवून दुसरी उघडू शकते.

कोणाचा निसर्ग?

वरील बहुतेक अभ्यास समृद्ध देशांतले आणि थंड हवेतले आहेत. त्यांतील निसर्ग म्हणजे फुरसतीत, पोट भरलेले असताना, स्वेच्छेने पाहायचा निसर्ग. आपल्याकडे ऊसतोडणीला आईवडिलांबरोबर जाणारे मूल चार-पाच महिने उघड्यावरच असते. मिनिटे मोजली तर १२० कधीच ओलांडली जातात. त्याला निसर्गाचा लाभ झाला असे कोणी म्हणणार आहे काय? विदर्भातल्या एप्रिलमधील दुपारी मुलांना ‘निसर्गात’ बसवले, तर उष्माघाताची भीती. लाभ झाडांच्या सान्निध्याचा असतो तितकाच त्या वेळी माणसाला मिळालेल्या निवांतपणाचा आणि सुरक्षिततेचा असतो, ही शक्यता आपल्या परिस्थितीत फार गांभीर्याने घ्यावी लागेल. इंग्लंडमध्येच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हिरव्या वस्त्यांमध्ये गरीब-श्रीमंतांच्या मृत्युदरांतील दरी कमी असल्याचे दिसले होते. सर्वांत कमी हिरव्या भागांत गरिबांचा मृत्युदर श्रीमंतांच्या १.९३ पट होता, सर्वांत हिरव्या भागांत १.४३ पट. हा केवळ सहसंबंध आहे. तरी उद्यान कोणत्या वस्तीत करायचे, हा प्रश्न किती मोलाचा आहे हे त्यातून कळते.

वर्गात काय करता येईल?

आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली: उलरिच यांच्या निबंधातील वर दिलेले आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांना त्यांवरून एकच वाक्य लिहायला सांगावे. मग सर्व वाक्ये वाचून, कोणत्या वाक्यात आकड्यांपेक्षा जास्त सांगितले आहे ते वर्गाने ठरवावे. ‘होऊ शकतो’ आणि ‘सिद्ध झाले’ यांतील अंतर मुलांना याहून चांगले समजणार नाही.

दुसरी: एक छोटा प्रयोग. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३८ जणांना वनोद्यानात आणि शहरातल्या रस्त्यावर फिरवून आणले आणि ऐकलेले अंक उलट्या क्रमाने सांगायला लावले. वनोद्यानातून आल्यावर अंक जास्त आठवले. आपल्या शाळेत सकाळच्या वेळी अर्ध्या मुलांना चिठ्ठ्या टाकून कडुनिंबाखाली आणि अर्ध्यांना वर्गात वीस मिनिटे बसवावे, मग हीच चाचणी घ्यावी. आठवड्याने गट बदलावेत. चाचणी घेणाऱ्याला कोण कुठून आले ते कळू देऊ नये. उत्तर काहीही येवो, वर्गात ऊन येत होते का, झाडाखाली गप्पा झाल्या का, असे प्रश्न मुले स्वतःच विचारू लागतील.

तिसरी गोष्ट आपल्या बोलण्याविषयी. क्षयाच्या, मधुमेहाच्या किंवा नैराश्याच्या रुग्णाला ‘निसर्गात जा, बरे वाटेल’ हे जरूर सांगावे, पण ‘औषध सोड’ असा अर्थ त्यातून निघता कामा नये. गावात पालक शिक्षकाचे ऐकतात. अर्धवट दाखल्यावरून दिलेला सल्ला तिथे खराच मानला जातो आणि एखाद्याचा उपचार अर्ध्यावर राहू शकतो.

झाडे लावण्यासाठी या निबंधाचा आधार घेतलाच पाहिजे असेही नाही. सावली, पाण्याचे धरून राहणे, पक्षी, माती, फळे ही कारणे शाळेच्या आवारात डोळ्यांना दिसतात आणि मोजताही येतात. रुग्णालयाच्या खिडकीतून झाड दिसावे हे आम्हांलाही हवेच आहे. त्यासाठी ‘रुग्णाला बरे वाटते, आणि कदाचित तीव्र औषध थोडे कमी लागते’ एवढे सांगितले तरी पुरेसे आहे. त्या ४६ रुग्णांच्या नोंदी तेवढेच सांगतात.